एक्स्ट्रा पाव कितीला?

हॉटेलात बसल्या बसल्या मी मेनूकार्डाचं शेवटचं पान उघडते. तिथे बारीक अक्षरात एक्स्ट्रा पाव, एक्स्ट्रा सॅम्पल (म्हणजे मिसळीचा वरचा रस्सा), एक्स्ट्रा सांबार, कांदा प्लेट असलं काहीबाही लिहिलेलं असतं ना, त्यावरून मला मालकाचा स्वभाव कळतो. मिसळ कितीला ते बाहेर बोर्डावर मोठ्ठं लिहिलेलं असतंच, पण पोट भरून उठेपर्यंत खिशातून किती जाणार ते या पानावर ठरतं. नवरा म्हणतो तू जेवायला येतेस की ऑडिटला. म्हणू दे, बिल आलं की तोच माझ्याकडे सरकवतो.

तर आता मिसळीपासूनच सुरू करते कारण पुण्यात राहून दुसऱ्या कशाने सुरू केलं तर लोक बोलतील. आमच्या भागात दोन ठिकाणं आहेत, नावं नाही सांगत, उगाच भांडणं नकोत. पहिलं जुनं, पत्र्याच्या शेडमधलं, मिसळ ९५ रुपये, सोबत दोन पाव, वरचा पाव १० ला एक, आणि सॅम्पल हवं तितकं, पोरगा किटली घेऊन फिरतच असतो, नको म्हणेपर्यंत ओततो. म्हणजे मी चार पाव खाल्ले तर ११५ झाले आणि दुपारी जेवायची गरज नाही. दुसरं नवीन, गेल्या वर्षी सुरू झालेलं, पितळी ताट, छोट्या वाट्या, पापड, दही, अर्धा गुलाबजाम (अर्धा का ते विचारू नका), फोटो मस्त येतो, १६५ रुपये. पाव दोनच. वरचा पाव २० ला आणि रस्सा संपला की पुढची वाटी ४०. तिथे तेच पोट भरायला २४५ लागले, आणि मटकी एवढी की हवं तर नावं ठेवता येतील एकेकीला.

आता खरं सांगायचं तर जुन्या ठिकाणचं फरसाण कधी कधी जुनं असतं, तेलाचा वास येतो, आणि रविवारी सकाळी बाकड्यावर जागा मिळेपर्यंत दुसऱ्याच्या ताटाकडे बघत उभं राहावं लागतं. नवीन ठिकाणी पंखा आहे, हात धुवायला साबण आहे, बाथरूम स्वच्छ आहे, आणि लहान मूल बरोबर असेल तर या गोष्टींचे पैसे मोजायला माझी ना नाही. पण मग ते पैसे सरळ मिसळीत लावा ना, १९० ची करा आणि रस्सा मोकळा ठेवा. कट, म्हणजे हा तवंगाचा तिखट रस्सा, काय फुकट होत नाही हे मलाही कळतं, त्यात तेल आणि मसालाच असतो आणि तेलाचे भाव आपण घरी बघतोच. पण माणूस मिसळ खायला बसल्यावर रस्सा मागणारच, तो काही लाड नाही. एका वाटी रस्शावर मिसळ संपवून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. बोर्डावर १६५ लिहायचं आणि खायला लागल्यावर वाटीगणिक मीटर टाकायचा, याचा मला राग येतो.

पाव की ब्रेड हा वेगळा विषय. बेडेकरांकडे नारायण पेठेत स्लाइस ब्रेड येतो, कोल्हापुरात फडतऱ्यांकडेही ब्रेडच, आणि कोल्हापूरकरांसमोर मिसळीला पाव म्हणालात तर ते तुमच्याकडे दयेने बघतात. माझं मत विचाराल तर झणझणीत कटाला ब्रेडच बरा, चटकन भिजतो. नाशिकला मात्र मिसळ म्हणजे अर्ध्या दिवसाची पिकनिक असते, साधना नावाच्या हॉटेलात चुलीवरची मिसळ खायला लोक पोराबाळांसकट जातात, तिथे पैसे नुसत्या मिसळीचे नसतातच, त्यामुळे पुण्याच्या टेबलाशी त्याची तुलना मी करत नाही.

कोल्हापूरचं निघालंच आहे तर सांगते. नवऱ्याच्या चुलतभावाने आम्हाला मटण ताट खायला नेलं, साधी खानावळ, फॉर्मायकाची टेबलं, ताट ३८० ला. मला वाटलं होतं तितकं स्वस्त नव्हतं. पण सुकं मटण एक वाटी मोजून, आणि तांबडा पांढरा कितीही. कितीही म्हणजे खरंच कितीही, मी तिसऱ्या वेळेला जरा संकोचले तर दीर म्हणाला, "वहिनी, रस्सा लाजून खायचा नसतोय, घ्या की!" आणि वाढणाऱ्याने न विचारता वाटी भरली. हा हिशोब मला एकदम पटतो, जे महाग आहे ते मोजून द्या, जे पातेल्यात भरपूर आहे ते मोकळ्या हाताने द्या. आमच्याकडे पुण्यात हल्ली कोल्हापुरी नावाच्या एका ठिकाणी पांढरा रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर वेटर म्हणाला मॅडम चार्जेबल आहे. चार्जेबल! पांढरा रस्सा! दिराला फोन करून सांगितलं तर तो दोन मिनिटं नुसता हसत होता.

मालवणीचं गणित थोडं वेगळं, तिथे सगळा खेळ तुकडीच्या जाडीचा. सुरमई थाळी ४५० असो की ६००, तुकडी पापडासारखी पातळ असेल तर रवा खाताय की मासा ते कळत नाही. सोलकढी एक वाटी थाळीत, दुसरी ४० ते ५० ला, इथे मी कुरकुर करत नाही कारण ताज्या नारळाच्या दुधाची असेल तर ती लायक आहे, आणि पावडरची असेल तर पहिलीही संपत नाही. एक मात्र बघा, जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुतेक वेळा बर्फातली किंवा लांबून आलेली, भाव मात्र तोच किंवा वर. त्या दोन महिन्यांत मी सरळ सुकटीची चटणी, अंडा करी किंवा कोंबडी वडे घेते आणि सुखाने जेवते.

शाकाहारी थाळीसाठी माझ्याकडे एक मोजपट्टी आहे. २०२० च्या २६ जानेवारीला राज्य सरकारची स्वस्त शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा खाणाऱ्याला १० रुपये पडायचे, पण शहरात सरकार एका थाळीचे ५० धरत होतं. दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. म्हणजे साधं पोटभर जेवण भाडं-मजुरीसकट तेव्हा तेवढ्यात बसत होतं. आता महागाई धरा, मालकाचा नफा धरा, वर थोडी कोशिंबीर धरा. ऑफिसजवळच्या मेसमध्ये १३० ला तीन चपात्या, दोन भाज्या, आमटी, भात, ताक आणि कधी कधी मालक खुशीत असेल तर शिरा, हे मला अगदी योग्य वाटतं. भाजी पुन्हा वाढतात, चपाती पुन्हा हवी तर १२ ला. गुरुवारची वांग्याची भाजी टाळा, नुसतं तेल तरंगतं. बाकी वर्षभर डोळे झाकून जा.

अनलिमिटेड थाळीबद्दल मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. गुजराती-राजस्थानी हॉटेलात वेटर हातवाऱ्यांनी एकमेकांना खुणा करतात, बघायला गंमत वाटते, पण नीट बघाल तर पहिल्या पाच मिनिटांत ढोकळा, कचोरी, जिलबी, पुरी यांचा एवढा मारा होतो की चांगल्या भाजीला पोटात जागाच राहत नाही. भरपूर खाणाऱ्या कॉलेजच्या पोरांना परवडतं. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो, त्यांनी दोन फुलके, थोडी कढी-खिचडी खाल्ली आणि ४४९ पूर्ण लागले, शेअरिंग चालत नाही हा नियम टेबलावरच छापलेला. आई घरी येईपर्यंत म्हणत होत्या, एवढ्यात पुरणपोळ्या झाल्या असत्या सगळ्या बिल्डिंगला. आमरसाचा सीझन असेल आणि आमरस खरंच अनलिमिटेड असेल तरच जा, आधी विचारून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी सगळं अनलिमिटेड आणि आमरस तेवढा एक वाटी असतो.

उडपीवाल्यांनी आजवर मला कधी निराश केलं नव्हतं, पण तिथेही हल्ली सांबार दुसऱ्यांदा मागितलं की काही जण २५ लावतात. चटणी पातळ करून वाढतात ते वेगळंच. ज्या उडप्याकडे पोरगा सांबाराची बादली घेऊन फिरतो तिथे मी इडली थोडी कडक असली तरी जाते.

बिलाबद्दल दोन शब्द, कारण इथे लोक बघतच नाहीत. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. पण छोटं हॉटेल कम्पोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक कर भरायची सोय) असेल तर त्याला तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, तसं बिलावर लिहावं लागतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर जीएसटीचा नंबरबिंबर काही नाही आणि खाली जीएसटी लावलाय, तर विचारा. आणि सर्व्हिस चार्ज! बाणेरला एका कॅफेत आम्ही तिघी मैत्रिणी, खाणं १२४० चं, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १२४, आणि मग या सगळ्यावर जीएसटी, झाले १४३२. तो चार्ज नसता तर १३०२. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाच्याच बाजूने निकाल दिला. मॅनेजरला हे शांतपणे सांगितलं, त्याने न बोलता नवीन बिल आणलं. वेटरच्या हातात ५० रुपये ठेवले, तो जास्त खूश झाला. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका, हॉटेलात एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात असं सुप्रीम कोर्टाने २०१७ लाच सांगितलंय, सरळ साधं पाणी मागा.

घरी मागवण्याचं विचाराल तर तीच ९५ ची मिसळ ॲपवर १३५, वर पॅकिंग, वर डिलिव्हरी, आणि फुकटच्या सॅम्पलच्या जागी पिशवीत बांधलेला अर्धी वाटी कट. फरसाण घरी पोचेपर्यंत मऊ. मिसळ, डोसा, वडे यातलं काही मागवू नका, बिर्याणी मागवा, ती निदान बंद डब्यात प्रवासाला टिकते.