मस्कत, जबल अख्दर आणि वाळवंट: ओमानमध्ये गाडी चालवायची असेल तर

एप्रिलच्या सुरुवातीला कोल्हापूरहून आम्ही दोन कुटुंबं ओमानला गेलो. महालक्ष्मीनं मुंबई, तिथून मस्कत विमानानं अडीच-तीन तास. पुढचं सगळं भाड्याच्या गाडीनं. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, तो वर्षभर चालतो. तिथं स्टीअरिंग डावीकडं आणि गाडी उजव्या बाजूनं. मोठ्या रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी १२० आहे आणि कॅमेरे जागोजागी, त्यामुळं मोकळा रस्ता दिसला म्हणून पाय दाबू नका.

गाडी फोर बाय फोरच घ्या. भाडं जास्त पडतं, पण जबल अख्दर डोंगराच्या पायथ्याला बिरकत अल मौझला पोलिस चौकी आहे आणि साध्या गाडीला तिथून वर सोडत नाहीत. मस्कतहून निझवा शहर साधारण १६० किलोमीटर, चौकी त्याच्या थोडी अलीकडंच. वरचा रस्ता पक्का आणि रुंद आहे, पण चढ मात्र सरळ छातीवर येतो. पस्तीसेक किलोमीटरमध्ये आपण दोन हजार मीटरवरच्या सैक पठारावर असतो.

गगनबावडा, आंबोली आपण डोळे मिटून उतरतो असं आपल्याकडं प्रत्येकाला वाटतं. तरी हा उतार वेगळा आहे, लांबच लांब आणि सलग. वरून निघतानाच गिअर खाली टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्यात ठेवा आणि वेग इंजिनाला धरू द्या. सारखा ब्रेक दाबत राहिलं की तो तापतो आणि मग ऐन वळणावर धरत नाही. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला चढाचे रस्ते काढलेत, ते येताना बघून ठेवा. अंधारात उतरू नका.

वर मात्र किमान एक रात्र काढाच. खालच्यापेक्षा हवा दहा-पंधरा अंशांनी थंड. दरीच्या कडेला अल ऐन, अल अक्र ही गावं आणि त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची शेती: डाळिंब, अक्रोड आणि एप्रिलमध्ये गुलाब. गुलाबपाणी अजूनही मातीच्या भट्टीवर काढतात, त्यामुळं त्याला धुराचा वास असतो. मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो फलजपाशी, म्हणजे तिथल्या पाटाच्या पाण्यापाशी. डोंगरातलं पाणी वीतभर रुंदीच्या पाटातून येतं, वाफ्याच्या तोंडाशी चिंध्या आणि दगड कोंबलेले. ज्याची पाळी असेल तो बोळा काढतो, वेळ संपली की परत लावतो. आपल्याकडं नदीवर बंधारे घालून पाणी अडवलं. इथं बारमाही नदीच नाही, म्हणून थेंबाचा हिशेब वेळेत. निझवाजवळच्या फलज दारिससह ओमानचे पाच फलज २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. शेतकरी माणसानं हे बघितल्याशिवाय येऊ नये.

निझवाचा किल्ला आणि शुक्रवारी सकाळचा बकऱ्यांचा बाजार सवडीनं करा.

मग वाळवंट. शर्कियाची वाळू बिदियापासून सुरू होते. गावातल्या टायरवाल्याकडं थांबून हवा पस्तीसवरून अठरा-वीसपर्यंत उतरवून घ्या, त्यानं टायर पसरतो आणि रुतत नाही. परत डांबरावर आलात की लगेच हवा भरा. एकट्या गाडीनं आत शिरू नका; भाड्याच्या गाडीचा विमा बऱ्याचदा वाळूत लागू नसतो, करारात ते वाचा. आम्ही कॅम्पवाल्याच्या गाडीमागून गेलो, तेच बरं. माणशी पाच लिटर पाणी गाडीतच हवं.

डोंगराकडं ढग दिसले तर वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, उतरू नका. ऊन असलं तरी वरून लोंढा येतो. रस्ता वादी ओलांडतो तिथं पाण्याची उंची दाखवणारे खांब आहेत. पाणी वाहत असेल तर ते उतरेपर्यंत अलीकडंच थांबा. वाहत्या पाण्यात गाडी घालणं तिथं गुन्हा आहे.

नुसता डोंगर-वाळवंट करायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गुलाबासाठी एप्रिलमध्ये गेलात, तर वाळवंटात दुपार कॅम्पवर सावलीत काढा आणि ऊन कलल्यावरच टेकड्यांवर चढा.