आमची वाटचाल: रॅम्पवरून कोठीच्या खोलीत

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं काम चालतं. सुरुवात गाड्यांच्या साध्या वॉशिंगची. चाकांत अडकलेली पुळण, तळाला खारं पाणी, आत जांभ्याची लाल धूळ. मोटर, पाइप आणि शाम्पूचा एक कॅन यात भागायचं. पॉलिश, आतली सफाई, सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा कडक, पारदर्शक थर) ही कामं गिऱ्हाइकांनीच मागून घेतली. त्यात चाकरमानी पुढे. गणपतीत गाडी चकाचक हवी, भटजी उशिरा आले तरी चालतील.

कामं वाढली तसा माल वाढला. आणि इथल्या हवेत माल गाडीला लागण्याआधी फडताळातच खराब होतो. म्हणून आमच्या वाटचालीतला निम्मा भाग कोठीच्या खोलीत घडला.

लोखंडी रॅक खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत, म्हणून चिऱ्यांवर कडाप्पा टाकला. पावसाळ्यात जमिनीला ओल येते, तेव्हा पाच लिटरचे कॅन आंब्याच्या प्लॅस्टिक क्रेटवर चढतात. पॉलिशिंग पॅड आणि मायक्रोफायबर धुऊन, पूर्ण वाळवून झाकणाच्या डब्यात. काचेच्या, रंगाच्या आणि चाकांच्या कापडांचे डबे वेगळे. चाकाच्या कापडातला एक खडा बॉनेटवर रेघा ओढायला पुरतो. श्रावणात पॅडना बुरशी धरते, म्हणून त्यांच्या कपाटात जुना पिवळा बल्ब सतत लावून ठेवतो. स्पिरिट (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मात्र त्या खोलीतच नाही. ते साधारण १२ अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ते मोटर आणि स्विचपासून लांब, सावलीत.

सगळ्यात लाडावलेली वस्तू म्हणजे कोटिंगची ३० किंवा ५० मिलिलिटरची बाटली. हे द्रव्य हवेतल्या ओलाव्यामुळेच कडक होतं. गाडीवर ते हवंच, बाटलीत नको. म्हणून लागेल तेवढंच ड्रॉपरने काढायचं, तोंड आणि आटे पुसून लगेच झाकण लावायचं. आट्यांवर वाळलेले कण नंतर कापडावर पडून रंगाला ओरखडे काढतात. बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. काही जण फ्रीज सुचवतात. कोकणात तो सल्ला मला पटत नाही. बाहेर काढताच बाटलीवर पाणी धरतं आणि तेच नेमकं टाळायचं असतं.

ओतण्याची शिस्त पोरांना शिकवायला जास्त वेळ लागला. मोठा कॅन वाकवताना तोंड खालच्या कडेला नको, वरच्या कडेला हवं. मग आत हवा शिरते आणि माल गचके न देता पडतो. रोजच्या शाम्पूला हातपंप बसवला, बाकीच्यांना खुणेचं मापटं. एकास दहा म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ४५ मिलिलिटर क्लीनर, बाकी पाणी. आधी पाणी, मग क्लीनर, नाहीतर बाटलीभर फेस. पाणी आरओचं, विहिरीच्या पाण्यातले क्षार नोझल तुंबवतात. पातळ केलेला माल आठवड्यापुरताच, कारण नंतर त्याला वास येतो.

टायरला चमक देणाऱ्या तेलकट ड्रेसिंगने स्वस्त स्प्रे-ट्रिगरचं रबर फुगतं. त्याला वेगळे, केमिकल सोसणारे ट्रिगर घेतले. महाग पडले, पण दर महिन्याची फेकाफेक थांबली.

एका गोष्टीत मी कडक आहे: कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही भरायचं नाही. घरातली लहान मुलं रॅम्पवर फिरत असतात. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण आणि भरल्याची तारीख. लेबलवर पारदर्शक टेप, नाहीतर पहिल्या सरीत शाई वाहून जाते. चाकं साफ करायचं ॲसिड खालच्या कप्प्यात, ब्लीचपासून दूर. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो.

आता आजूबाजूचे वॉशिंगवाले पूर्ण कॅन परवडत नाही म्हणून लिटर-लिटर माल आमच्याकडून नेतात. शाम्पू आणि आतला क्लीनर देतो, लेबल लावलेल्या आमच्याच बाटलीत, अनामत घेऊन. ॲसिड सुटं मागायला कोणी आला, तर त्याला कंपनीचा सीलबंद कॅनच घ्यायला सांगतो.