पंगतीचा तवा

पोळा आठवड्यावर आला म्हणून छपरीतील अडगळ बाहेर काढताना कुटाराच्या पोत्यांमागे उभा करून ठेवलेला मोठा सपाट तवा हाती लागला. दोन बाजूंना कड्या असलेला आणि पाच-सहा भाकरी सहज मावतील एवढा हा जाड लोखंडी तवा एके काळी लग्नाच्या आणि भागवत सप्ताहाच्या पंगतींसाठी गावभर फिरत असे. आता ते काम केटररकडे गेले आणि तव्याच्या वाट्याला पावसाळ्यातली ओल आली. हात फिरवताच बोटांना विटकरी भुकटी लागली आणि कडेची एक खपली जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखी सुटून आली.

या बाबतीत लोखंडाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ॲल्युमिनियमवर हवेने चढणारा थर त्याला घट्ट चिकटून आतल्या धातूची राखण करतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, सुटतो आणि आतला ताजा धातू पुन्हा हवापाण्यापुढे उघडा टाकतो. तरीही तवा जाड असेल आणि त्याला तडा गेलेला नसेल, तर तो भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये.

आधी तो कोरडाच खरवडायचा. मोडका सराटा म्हणजे उलथणे, मग विटेचा तुकडा, मग पॉलिश पेपर, असा क्रम चांगला. खाचखळग्यांत दडून बसलेल्या गंजाला चिंचेचा कोळ लावावा, कारण आंबटात गंज विरघळतो; मात्र तो रात्रभर तसाच ठेवला तर चांगले लोखंडही खाऊ लागतो, म्हणून थोड्या वेळाने धुऊन टाकलेला बरा. धुतलेला तवा लगेच चुलीवर चढला पाहिजे. भादव्याच्या तोंडावरच्या दमट हवेत तो नुसता वाळत ठेवला, तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो.

इथे माझा एक हेका सांगतो. तवा चमकवू नये. घरातील तरुण मंडळी तारेच्या घासणीने तो आरशासारखा करू पाहतात आणि काळा तवा म्हणजे अस्वच्छ तवा असे समजतात. खालच्या बाजूची काजळी आणि कडेला साचलेले जळके किटण जरूर काढावे. पण भाकर टाकतो त्या वरच्या बाजूचा तो गुळगुळीत काळेपणा म्हणजे तापून तापून लोखंडावर घट्ट बसलेले तेल असते आणि भाकर सुटते ती त्याच्या जिवावर. ‘तव्याले साबन नोको दाखवू, बापू,’ असे आमची मोठीआई म्हणायची. धिरडी घालण्याआधी ती अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर चरचर फिरवायची, आणि आम्ही पोरे चुलीभोवती धुरात डोळे चोळत बसायचो, कारण पहिले धिरडे हमखास चिकटायचे आणि चिकटलेले धिरडे हक्काने आमचे असायचे. तव्यावरून खरवडलेल्या त्या तुकड्यांना जी चव होती, ती पुढच्या सुबक धिरड्यांना कधीच आली नाही.

तेलाच्या बाबतीत विदर्भाचे नशीब चांगले आहे. आमच्या पूर्वेकडे धानाच्या उभ्या पिकातच जवस फोकतात, म्हणजे बी हाताने विखरून पेरतात, आणि धान कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो. आपण त्याची चटणी करून खातो, पण त्याच्या तेलाचा खरा गुण असा, की ते हवेत सुकते आणि त्याचा कडक थर बनतो. म्हणूनच ते रंगांत घालतात आणि क्रिकेटच्या बॅटलाही पाजतात. तवा गरम असताना हे तेल चोळावे आणि फडक्याने इतके पुसून काढावे, की तवा जवळपास कोरडाच दिसावा. हात सैल सोडला तर थर चिकट होतो आणि सारे खरवडणे पुन्हा आले. मग धूर येऊन थांबेपर्यंत अंगणातच तापवावा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, भडकून लगेच विझते. या कामाला बाभळीचे लाकूड हवे. असे चार-पाच थर बसले की तवा काळा होऊ लागतो.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नैकुंडला १९७८ ते १९८० च्या सुमारास झालेल्या उत्खननात महापाषाणकाळातली, म्हणजे मृतांसाठी मोठे दगड रचणाऱ्या लोकांच्या काळातली, लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. त्या लोकांनी आपल्या कुऱ्हाडींना पावसाळ्यात काय चोपडले असेल, हा प्रश्न मला तवा पुसताना हमखास पडतो.

लोखंडात रांधले की रक्त वाढते, असेही मोठीआई सांगत असे. त्यात तथ्य आहे. पण लोह उतरते ते लोखंडी कढईत वेळ घेऊन शिजणाऱ्या आंबट, पातळ पदार्थात. तव्यावर घटकाभर टेकलेली कोरडी भाकर, तीही मुरलेल्या तेलाच्या थरावरची, फारसे काही घेत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मोठीआईलाही शेवटी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळत असत. गावच्या निम्म्या पंगती तिच्या हातच्या भाकरींवर उठल्या, पण तिने स्वतःच्या ताटात गरम भाकर घेतल्याचे मला आठवत नाही.