पद्मिनीचं काम: ब्रेक झाले, कार्बोरेटर अजून टेबलावर

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझी जुनी प्रीमियर पद्मिनी चारही चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती. आता ती जमिनीवर आली आहे आणि मुख्य म्हणजे सांगितलेल्या जागी थांबते. चाकातले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले होते, त्यामुळे नुसतं वॉशर किट टाकून भागण्यासारखं नव्हतं, चारही बदलले. ड्रम लेथवर हलकेच साफ केले, शूंना नवे लायनर चढवले. ब्रेक ऑइल मात्र जुनं ठेवू नका, बाटली कितीही भरलेली दिसो. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं असताना ते २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० च्या आसपासच. घाट उतरताना पेडल अचानक स्पंजासारखं होतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि दोष मात्र मिस्त्रीला लागतो.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, जुन्या गाड्यांच्या भक्तांना राग आला तरी चालेल. हे ब्रेक उत्तम अवस्थेत असले तरी आजच्या गाडीपुढे कुठेच लागत नाहीत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा प्रश्नच नाही. नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. "तेव्हाचा पत्रा बघा, कसा जाड" हे वाक्य प्रत्येक मेळाव्यात ऐकतो. जाड पत्रा चेपत नाही म्हणजे धक्का कुठे जातो? थेट आतल्या माणसाच्या छातीत. त्यात समोर कडक स्टिअरिंग कॉलम. घरातली दोन मुलं मागे बसवून मुंबईला जायचं असेल तर मी नवी गाडीच काढतो, पद्मिनी नाही.

मग ही ठेवायची कशाला? त्याचं उत्तर मला स्टिअरिंगला लागून असलेल्या गिअरच्या दांड्यावर काम करताना जास्त नीट कळलं.

गिअर टाकला की दांडा चमच्यासारखा डुलायचा, पहिला शोधताना रिव्हर्स हाताला लागायचा. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे, म्हणजे लिंकेजचे, बुश झिजलेले. हे बुश बाजारात मिळतात, पण हल्ली जे मिळतात ते सैल बसतात, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचे करून घेतले. जुना बुश नेला, कॅलिपर लावला, दुपारी तयार. रेखाचित्र नाही, पार्ट नंबर नाही. वरच्या टोकाचे बसले, खालचे बसवायचे आहेत.

हे शक्य होतं कारण ही गाडी बदललीच नाही. इटलीत फियाट ११०० डी १९६६ ला बंद झाली. कुर्ल्यात प्रीमियरने तीच आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने २००० च्या आसपासपर्यंत काढली. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच मागचा स्प्रिंगचा पाटा. गिऱ्हाईक बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचं आणि हातात यायची ती साठच्या दशकातली गाडी. परवाना राज्याचा तो रखडलेपणा माझ्या वडिलांच्या पिढीने सोसला, आणि आज आम्ही हौशी लोक नेमके त्यावरच जगतोय. हजारो काळ्यापिवळ्या टॅक्स्या त्याच सामानावर पळत होत्या, म्हणून पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला विचारलं की काही ना काही हाती लागायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. लोकांनी हळहळत फोटो काढले. मी मात्र त्याच आठवड्यात वॉटर पंपाचं किट आणि इग्निशनच्या पॉइंटचे सेट जादा घेऊन ठेवले. गिऱ्हाईक संपलं की दुकानदार माल कशाला भरेल?

उलट आजच्या गाडीचं काय होईल याची मला खरी काळजी वाटते. इंजिनं दणकट आहेत, पत्र्याला गंज उशिरा लागतो. पण आमच्या दारातल्या नव्या गाडीचा एसी कमी करायलाही पडद्यावर दोनदा बोट लावावं लागतं, तेही रस्त्यावरची नजर काढून. तो पडदा तीस वर्षांनी गेला तर कोणता लेथवाला तो करून देणार? पहिल्या खेपेच्या मारुती झेन किंवा जिप्सीसारख्या गाड्या मला म्हणूनच पुढच्या पिढीच्या क्लासिक वाटतात. चालवायला आधुनिक, आणि तरी बॉनेट उघडल्यावर काय कुठे आहे ते दिसतं.

आता टेबलावरचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. ई२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, दोन त्रास आहेत. एक, इथेनॉल जुन्या रबराला आणि कॉर्कला फुगवतं. म्हणून पेट्रोल पाइप सगळे बदलले आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालेल असा घेतला. दुसरा त्रास मिश्रणाचा. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा पट. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते आपोआप जुळवतो. आपल्या सोलेक्स कार्बोरेटरला काही कळत नाही, तो ठरलेलंच पेट्रोल सोडतो आणि इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. माझे प्लग पांढरट निघाले आणि चढाला गाडी उचकी देत होती, दोन्ही त्याचीच लक्षणं. मेन जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल सुटतं तो, एका नंबराने मोठा लावून बघणार आहे. प्लगचा रंग फिकट तपकिरी आला तर तिथेच थांबेन, ॲव्हरेजची चिंता पद्मिनी ठेवणाऱ्याने करू नये.

उन्हाळ्यात घाटात गाडीच्या त्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती यंदा जास्त लागेल असं दिसतं, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर वाफ धरतं. पंप आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मधला, उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर तपासून घ्या, अनेक गाड्यांत तो कुणीतरी काढून पातळ पॅकिंग लावलेलं असतं.

पुढचं काम ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. मॅट उचलली तर खालचा रस्ता दिसतो. वेल्डिंगआधी पुढच्या दारांचं रबर मिळालं तर बरं, नाहीतर पाणी पुन्हा तिथेच साचेल. कुणाकडे जुन्या साठ्यातलं, कडक न झालेलं रबर असेल तर कळवा. किंमत रास्त सांगा, टॅक्सीवाल्याला सांगितली असती तेवढी.