निरंक

ओजसचं कानाचं मशीन कंपासपेटीत असतं. खोडरबर, शार्पनर, अर्धवट खाल्लेली गजकची वडी आणि मशीन. दिवाळीनंतर मी पुतण्याकडे ग्वाल्हेरात दौलतगंजला चार दिवस राहायला गेले, तेव्हा हे लक्षात आलं. सूनबाईला विचारलं तर ती म्हणाली, "आत्या, वर्गात ते शिट्टी मारतं. मुलं हसतात. मॅडम म्हणाल्या, काढून ठेवत जा."

ओजस (खरं नाव वेगळं आहे) माझ्या भावाचा नातू. दहा वर्षांचा, सरकारी शाळेत पाचवीत. जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दोन खाजगी शाळांनी "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणून गोडीत परत पाठवलं होतं. मला तो आत्ती म्हणतो. आत्याआजीतलं तेवढंच त्याच्या हाती लागलंय.

माझी सगळी नोकरी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात, ऑडिटमध्ये गेली. लोकांना वाटतं ऑडिट म्हणजे चोर पकडणं. चोर क्वचित सापडतो. बहुतेक वेळा सापडतं ते असं: पैसा नियमाने खर्च झालाय, व्हाउचर आहे, स्टॉक रजिस्टरात नोंद आहे, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलंय, आणि वस्तू कुलुपात पडून आहे. तिथे आक्षेप लिहिताना हात अडखळतो, कारण कागदात चूक नसते. कंपासपेटीतलं मशीन बघून मला अगदी तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापिका भल्या होत्या, चहा मागवला, वर माझं जुनं ऑफिस कळल्यावर बिस्किटंही आली. (ऑडिटवाल्यांना बिस्किटं का मिळतात हे आम्हाला चांगलं ठाऊक असतं.) दिव्यांग मुलांचं रजिस्टर त्यांनी स्वतःहून पुढे केलं. नाव, समग्र आयडी (मध्य प्रदेशातला सरकारी ओळख क्रमांक), दिव्यांगतेचा प्रकार, टक्केवारी, प्रमाणपत्राची तारीख, दिलेलं साहित्य, पालकाची सही. शेवटचा रकाना 'लाभान्वित'. ओजसच्या ओळीत तिथे 'हाँ'. मशीन त्याला दुसरीत असताना शिबिरात मिळालं, त्या दिवसाचा तो 'हाँ'. त्यापुढे रकानाच नाही.

मग वैयक्तिक शिक्षण योजनेची फाईल. प्रत्येक मुलासाठी वर्षाची उद्दिष्टं लिहायची असतात, आयईपी म्हणतात त्याला. ओजसच्या तीन वर्षांच्या तीन योजना होत्या. पहिल्या वर्षी 'स्वर-व्यंजन की पचान'. 'पहचान'मधला ह राहिलेला. दुसऱ्या वर्षी 'स्वर-व्यंजन की पचान'. तिसऱ्या वर्षीही तेच, ह नाहीच. प्रगतीच्या रकान्यात तिन्ही वर्षं 'संतोषजनक'. मूल तीन वर्षं एकच उद्दिष्ट गाठतंय आणि तीन वर्षं आम्ही संतुष्ट आहोत.

बाईंना दोष द्यावासा वाटला नाही. ही फाईल लिहितात ते ब्लॉकभर फिरणारे सल्लागार, एमआरसी. शाळा अनेक, माणूस एक, आणि त्यातही त्याचा अर्धा वेळ पोर्टलवर माहिती चढवण्यात जातो. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात सांगितलं की प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, त्यावरच्या वर्गांना 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये कोर्टाला पुन्हा राज्यांना बजवावं लागलं की आधी पदं तर जाहीर करा. म्हणजे अजून माणसं नेमायची गोष्टच चाललीय, मूल काय शिकलं हे विचारणं दूरच.

पण कायद्यात ते आहे हो! दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. त्याच्या कलम 16 मध्ये शाळांच्या जबाबदाऱ्या आहेत. रॅम्प, प्रवेशात भेदभाव नको, हे सगळं येतं, आणि त्यातच प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याने गाठलेली पातळी आणि शिक्षण पूर्ण होणं यांवर देखरेख ठेवायची असंही लिहिलंय. प्रत्येक विद्यार्थ्याची. मी ते कलम तीनदा वाचलं. रॅम्प बांधला की फोटो निघतो, पातळीचा फोटो निघत नाही, एवढाच काय तो फरक असावा. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला 3500 रुपयांची तरतूद असते. त्यातल्या रुपया-रुपयाचा माग मी तुम्हाला तासाभरात काढून दाखवीन. त्या रुपयांनी ओजसला एक अक्षर जास्त आलं का, हे कुठल्याच कागदात नाही.

हा रोग आपलाच नाही. अमेरिकेत असा कायदा 1975 पासून आहे. तिथलं केंद्रीय शिक्षण खातं दरवर्षी राज्यांना शेरा देतं. कितीतरी वर्षं तो शेरा कागद बघून मिळायचा: तपासण्या मुदतीत झाल्या का, तक्रारी वेळेत निकाली निघाल्या का. 2014 च्या जूनमध्ये खात्याने ठरवलं की मुलं प्रत्यक्षात किती शिकली तेही धरायचं. आदल्या वर्षी 41 राज्यं आणि प्रदेश 'अपेक्षा पूर्ण' या रांगेत होते. त्या वर्षी राहिले 18. मुलं तीच, शिक्षक तेच, फक्त प्रश्न बदलला. (पैशाच्या बाबतीत मात्र तेही आपलेच भाऊबंद. अशा प्रत्येक मुलामागे, देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलेल असं 1975 लाच ठरलं होतं, तो अजून एकदाही पुरा उचललेला नाही.) आणि 2017 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापुढे एंड्र्यू एफ. नावाने एक खटला आला. स्वमग्न मुलगा, आणि त्याच्या योजनेत वर्षानुवर्षं जवळपास तीच उद्दिष्टं पुढे ढकललेली. कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती चालणार नाही, त्या मुलाच्या परिस्थितीत शोभेल अशी प्रगती व्हावी अशा बेताने योजना हवी. हे वाचताना मला 'पचान' आठवली.

निकालावर शेरा द्यायला लागलं की दुसरी गंमतही होते, ती मी नोकरीत पाहिलीय. ज्याचा आकडा मोजाल, तो आकडा सुधारतो. कच्ची मुलं हजेरीवरून गळतात, परीक्षा सोपी होते. म्हणून मला ओजसची तुलना वर्गाशी नकोच आहे. गेल्या जुलैत तो कुठे होता आणि या जुलैत कुठे आहे, एवढं लिहा. त्याला पोर्टल लागत नाही.

काय लागतं ते सांगते. ओजसला ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी मशीन हातात घेतलं आणि मोल्ड, म्हणजे कानात बसणारा तो साच्यातला तुकडा, त्याच्या कानात घालून हलवून दाखवला. सैल. दुसरीतल्या कानाचं माप पाचवीत कसं पुरणार? चप्पल दरवर्षी बदलतो आपण. सैल मोल्डमधून आवाज बाहेर निसटतो, परत माइकमध्ये जातो, आणि शिट्टी वाजते. मशीन नीट होतं, कान वाढला होता. गुलाबी पेस्ट कानात भरून नवं माप घेतलं, ओजस गुदगुल्यांनी हसत सुटला. बॅटरीही मेलेली होती. ती बटनाएवढी असते आणि आठ-पंधरा दिवसांत संपते, हे घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी सहा आवाजांची चाचणी शिकवली. आ, ई, ऊ, म, श, स. मुलाला पाठमोरं बसवायचं म्हणजे ओठ दिसत नाहीत. तुम्ही साध्या आवाजात एकेक म्हणायचं, ऐकू आलं की त्याने राजम्याचा एक दाणा वाटीत टाकायचा. दोन मिनिटांचं काम. जुन्या मोल्डवर तीन दाणे पडले: आ, ऊ, म. म्हणजे वर्गात शाळा, सात, सहा, शेवट यांतलं पहिलं अक्षर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं, आणि आपण तीन वर्षं त्याला व्यंजनं ओळखायला लावत होतो.

मी सवयीने हाफ मार्जिन केलं. आमच्याकडे ऑडिटची शंका कागदाच्या डाव्या अर्ध्यात लिहितात, उजवा अर्धा खात्याच्या उत्तराला. डावीकडे लिहिलं: मशीन दिल्यावर मोल्ड कधी तपासला? योजनेतलं उद्दिष्ट तीन वर्षं का बदललं नाही? 'संतोषजनक' कशावरून? मुख्याध्यापिकांनी वाचलं, उजवीकडे पेन्सिलीने 'नोट किया' लिहिलं आणि म्हणाल्या, "दीदी, ये ऊपर भी पूछिए।"

वर विचारलं. दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज केला: श्रवणयंत्रं किती वाटली, त्यांपैकी किती मुलांची वर्षभराने तपासणी झाली, किती मुलांच्या योजनेत प्रगतीची नोंद मोजमापासह आहे. तिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्याला आकडा, नीट टाईप केलेला. तिसऱ्याला 'जानकारी संधारित नहीं है'. दुसऱ्याला 'निरंक'.

आमच्या धंद्यात या दोन शब्दांत फार अंतर आहे. 'संधारित नाही' म्हणजे आम्ही मोजलं नाही. 'निरंक' म्हणजे शून्य, मोजून शून्य. एकाही मुलाची तपासणी झाली नाही असं कुणीतरी सही-शिक्क्यानिशी कबूल केलं होतं, आणि ते टाईप करणाऱ्या बाबूला बहुधा त्याचा पत्ताही नव्हता. चौतीस वर्षांत मला इतका स्वच्छ आक्षेप कुणी हातात आणून दिला नव्हता.

प्रथम अपील लिहून झालंय, सोमवारी देणार. मंगळवारी कलेक्टोरेटच्या जनसुनवाईत त्याची प्रत घेऊन सूनबाई जाईल, मी बरोबर असेन. हाफ मार्जिनही जोडलंय, पेन्सिलीच्या शेऱ्यासकट.

नवा मोल्ड बसून तीन आठवडे झाले. शिट्टी बंद आहे. रोज सकाळी शाळेआधी वाटी आणि राजमा निघतो, आणि सूनबाई वहीत तारीख टाकून दाणे मांडते. काल पाच पडले. 'स' अजून येत नाही.