हरिश्चंद्रगड मुक्काम, तयारी ४: पेग ठेवले घरी

मधे बरेच दिवस गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. काल घडलं. गडावर नाही, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत.

मागच्या खेपेला कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या तुटलेल्या कड्यावर, काय झालं ते आठवत असेलच. रात्री दोनला वारा फिरला, वाऱ्याच्या बाजूचे दोन्ही पेग (टेंटच्या दोऱ्या ताणून जमिनीत ठोकायच्या खुंट्या) उपटले आणि टेंट अंगावर. मग मी आणि मेहुणा टॉर्चच्या उजेडात सामान कवटाळून देवळाजवळच्या गुहेत, एका अनोळखी ग्रुपच्या घोरण्यात.

दुखणं जुनंच आहे. कड्याजवळ चार बोटं माती आणि खाली सरळ कातळ. पेग दोन ठोक्यांत टण्ण करतो आणि तिसऱ्याला वाकतो. नवे, महागातले इंग्रजी व्ही आकाराचे पेग मागवले होते, तेही वाकले. विकणाऱ्याने ‘ऑल टेरेन’ लिहिलं होतं. त्याच्या टेरेनमध्ये सह्याद्री बसत नसावा.

मग दगड. दोरीला दगड बांधणं सगळेच करतात, मीही केलं होतं. यावेळी म्हटलं, एकदा मोजूनच बघू. गच्चीत सोसायटीच्या कामातले उरलेले दगड होतेच. दोरीत बॅगा तोलायचा हुकवाला काटा अडकवला आणि ओढत बसलो. साधारण तीन किलोचा दगड थेट बांधला तर दोन किलोच्या ओढीला घसरला. मोठा दगड बांधायला गेलो तर गाठच निसटते, कारण टेंटबरोबर आलेली नायलॉनची दोरी साबणासारखी गुळगुळीत. (दोरी ताणायचे तिचे प्लॅस्टिकचे रनर तर पहिल्याच ट्रेकला तुटले.) तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पापड उलटायला आल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, दगडाला वजन असतं हे मोजून बघतोयस का?”

तर उपाय असा. दोरीच्या टोकाला मोठा फास करायचा आणि त्यात लहान दगड घट्ट बसवायचा. त्या लहान दगडाच्या पुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, दोरीवरच मोठा दगड ठेवायचा. ओढ आली की लहान दगड मोठ्याच्या पाठीला जाऊन अडकतो. गाठ बसते ती लहान दगडाला, वजन मोठ्याचं, आणि तो बांधायची भानगडच नाही. बारा-पंधरा किलोच्या धोंड्याने काटा आठच्या पुढे नेला. त्याला आणखी एक दगड टेकवला तर मीच सरकलो! दोरी जितकी जमिनीलगत तितकं बरं, उभी ठेवली तर धोंडा उचलायला बघते.

आनंद तासभर टिकला. मग दोरी हातात घेतली तर धोंड्याखालचा भाग पिंजलेल्या कापसासारखा. गच्चीत तासाभरात ही गत, तर कड्यावर रात्रभर ती करवतच. जाड दोरी घ्यावी तर ती टेंटला दोरी ओवायच्या कड्यांतून जात नाही. संध्याकाळभर चिडचिड केली. शेवटी पंक्चरवाल्याकडे सायकलची फाटकी ट्यूब दिसली. त्याने फुकट दिली. आता शेवटचा हातभर फास वेगळा, चार मिलिमीटरच्या दोरीचा, आणि त्यावर ट्यूबचं नळकांडं. ही दोरी बाजारातल्या सुतळी-दोऱ्यांच्या दुकानातली. ट्रेकिंगच्या दुकानापेक्षा स्वस्त आणि गाठ धरते. फास झिजला तर फास फेकायचा, मूळ दोरी शाबूत.

एक मात्र पाळा. देवळाच्या आवारातले, जुन्या बांधकामाचे दगड यासाठी उचलायचे नाहीत. कड्याकडे सुटे दगड मिळतात, आणि सकाळी ते होते तिथे परत ठेवायचे.

तारीखही ठरली. १३ डिसेंबरची रात्र, जेमिनिड्स उल्कावर्षाव. यंदा रविवार आहे, म्हणजे पब्लिक उतरत असताना आपण चढायचं. चंद्र दहाच्या आसपास मावळतो. या उल्का मिथुन राशीतून येताना दिसतात; ती रास दोनच्या सुमारास डोक्यावर येते आणि पहाटे पश्चिमेला, म्हणजे थेट कोकणावर कलते. कड्यासारखी गॅलरी दुसरीकडे नाही.

वाट खिरेश्वर गावातून तोलार खिंडीची धरली होती. पण मेहुण्याचा गुडघा आणि खिंडीनंतरच्या त्या न संपणाऱ्या टेकड्या बघता चढाई पाचनई गावाकडून. राजूरहून जीप, पाचनईत प्रवेशाची पावती, आणि टेंट कुठे लावू देतात ते तिथेच विचारायचं. उतराई खिरेश्वरने, खुबी फाट्यावर कल्याणची एसटी. गुडघ्याला उतार जास्त त्रास देतो हे हे लिहिताना सुचतंय. मग उतरायचंही पाचनईनेच. खिरेश्वर रद्द.

स्टोव्हही रद्द. वर झोपडीत पिठलं-भाकरी मिळते, आणि त्या वाऱ्यात चहा उकळत बसायची हौस मागच्या वेळी फिटली.

आणि आता वाटतंय की उल्का बघायच्या तर टेंटमध्ये झोपणार कोण? स्लीपिंग बॅगा बाहेरच, कड्यापासून चांगलं मागे. टेंट त्याहून मागे, कारवीच्या आडोशाला, थंडी असह्य झाली तरच आत जायला. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर टेंट लावायचाच नाही. काकू हसतील.

टेंटच्या आठही दोऱ्यांचे फास तरी करून ठेवतोय. पाच झालेत, ट्यूब संपली. उद्या पंक्चरवाल्याकडे परत जातो.