आम्ही लोकांना घरी बसवतो

२०२० च्या जूनमध्ये मी बाबांना सांगितलं, की कंपन्यांना घरून काम करणारी माणसं शोधून द्यायचा धंदा सुरू करतेय. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "लोकांना घरी बसवायचे पैसे मिळतात होय आता?" त्याच महिन्यात पुण्यातल्या कन्सल्टन्सीनं मलाच घरी बसवलं होतं, त्यामुळे विनोद जरा लागला. पण आजही कोणी विचारलं, तुमची फर्म काय करते, तर मी बाबांचंच वाक्य वापरते.

त्या कन्सल्टन्सीत मी नऊ वर्षं काढली होती. नोकरी डॉट कॉमवरून रेझ्युमे उतरवायचे, दिवसाला साठ-सत्तर फोन करायचे, लाइनअप लावायचा, म्हणजे कोणाची मुलाखत कधी ते ठरवायचं, शनिवारी वॉक-इन. खरं सांगायचं तर माणूस मला फोनवर कधीच कळला नाही, तो कळायचा रिसेप्शनच्या सोफ्यावर. वेळेवर आला का, वॉचमनशी कसा बोलला, अर्धा तास थांबावं लागलं तर चेहरा कसा झाला. आमचं निम्मं कसब त्या सोफ्यावर होतं आणि लॉकडाऊननं सोफाच काढून घेतला.

कोल्हापुरात राजारामपुरीत मावशीच्या घराचा वरचा मजला मिळाला. जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण भागीदार म्हणून आली. लघुउद्योगांची सरकारी नोंदणी असते ती, उद्यम नोंदणी, केली, दोन लॅपटॉप आणि एक इन्व्हर्टर घेतला, झाली फर्म. या धंद्यात भांडवल लागत नाही असं लोक म्हणतात. लागतं, फक्त ते पोटात ठेवावं लागतं. आमची फी म्हणजे उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, थोडक्यात एक महिन्याचा पगार. पण ती ऑफरवर नाही, जॉइनिंगवर मिळते. ऑगस्टमध्ये ऑफर झाली, नोटिस पिरियड ९० दिवसांचा, म्हणजे नोव्हेंबर. त्यापुढे बिलाचे पैसे यायला ४५ दिवस. मधल्या काळात जुन्या कंपनीनं पगार वाढवून माणूस थांबवून घेतला, तर सगळंच पाण्यात. जॉइन झाला आणि ९० दिवसांत सोडून गेला, तर दुसरा फुकट द्यायचा. पहिल्या वर्षी आम्ही सात माणसं लावली, त्यातली दोन परत भरून दिली. त्या वर्षी दिवाळीचा फराळ मावशीकडूनच आला.

ती दोन माणसं का गेली याचा मी फार विचार केला. दोघंही हुशार होती. एकाला घरात बसायला जागाच नव्हती. तीन भावांचं घर, कॉल घ्यायचा तर गच्चीवर जायचं. दुसरा अडला की गप्प बसायचा. ऑफिसात शेजारच्याला चेहऱ्यावरून कळतं की हा अडलाय, घरी कोणाला कळणार? चार दिवसांनी कळलं, तोवर कंपनीचा धीर सुटला होता.

यातून मी जो धडा घेतला तो आधी चुकीचा होता. आम्ही घराबद्दल विचारायला लागलो. घरी कोण कोण असतं, मुलं केवढी आहेत, सासूबाई सांभाळतात का. वाटायचं, आपण किती बारकाईनं काम करतोय! मग इचलकरंजीच्या एका मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, हे प्रश्न तुम्ही मुलांनापण विचारता का?" नव्हतो विचारत. पुरुषांना आम्ही इंटरनेटचा स्पीड विचारत होतो आणि बायकांना सासू. मी त्या रात्री सगळ्या नोंदी काढून बघितल्या आणि लाज वाटली. तेव्हापासून प्रश्न सगळ्यांना तेच: दार लावून बसता येईल अशी जागा आहे का, वीज गेली तर सोय काय, दुसरं इंटरनेट आहे का. घरात कोण आहे याच्याशी आमचा संबंध नाही. ती मुलगी, बाय द वे, अजून त्याच कंपनीत आहे. आता टीम लीड आहे आणि माणसं हवी असली की फोन मलाच करते.

अडल्यावर बोलतो का, हे मात्र तपासायला हवंच होतं. त्यासाठी लेखी काम सुरू केलं. उमेदवाराला एक प्रसंग पाठवतो: काम उद्या द्यायचंय, ज्याच्याकडून माहिती हवी तो रजेवर आहे, साहेब विमानात आहेत, तुम्ही काय कराल ते लिहून कळवा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, दिवसभरात केव्हाही. मुलाखतीत फाडफाड बोलणारे इथं दोन पानं लिहायचे आणि त्यात काही नसायचं. गडहिंग्लजच्या एका मुलानं चार ओळी लिहिल्या: इथपर्यंत झालंय, इथं अडलंय, दुपारी तीनपर्यंत वाट बघतो, नाही तर अमुक गृहीत धरून पुढं जातो आणि तसं मेलमध्ये लिहून ठेवतो. मुलाखतीत तो पोरगा ततपप करत होता. मी क्लायंटला त्याचा रेझ्युमे पाठवलाच नाही, त्या चार ओळी पाठवल्या.

आता एआयमुळे सगळ्यांच्या ओळी सारख्याच गुळगुळीत येतात. म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, दुपारी तीनपर्यंतच का लिहिलं, पाचपर्यंत का नाही? स्वतः लिहिणारा भांडतो, दुसऱ्याकडून लिहून घेणारा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतो.

चुका आमच्याही झाल्या. २०२१ ची भाऊबीज शनिवारी होती. रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागं गेली आणि आम्हाला पत्ता नाही. सोमवारी संध्याकाळी साडेसातला मुलाखत. उमेदवार टाय बांधून स्क्रीनसमोर बसला, समोर कोणी नाही. पाऊण तासानं वैतागून उठला. साडेआठला तिकडचे साहेब आले आणि त्यांच्यासमोर रिकामी खुर्ची. चूक सर्वस्वी आमची. आता भिंतीवरच्या कालनिर्णयवर चार तारखा लाल पेननं गोल केलेल्या असतात: मार्चचा दुसरा आणि शेवटचा रविवार, ऑक्टोबरचा शेवटचा, नोव्हेंबरचा पहिला. दोन अमेरिकेच्या, दोन इंग्लंडच्या. मावशीला वाटतं उपास आहेत.

त्याच वर्षी जुलैत एका मुलाचं जॉइनिंग २६ तारखेला होतं. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता बंद, कंपनीचा लॅपटॉप वाटेत कुठंतरी कुरिअरच्या गाडीत. कंपनीच्या एचआरला मी पुराचे फोटो पाठवले तेव्हा कुठं पटलं, की मुलगा कारणं सांगत नाहीये.

परदेशी कंपन्यांचं काम वाढलं तसा एक नवाच उद्योग मागं लागला. त्यातल्या बऱ्याच जणांची इथं कंपनी नसते, म्हणून माणसाला कंत्राटावर घेतात. रक्कम मोठी दिसते, पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आगाऊ कर वर्षातून चार वेळा आपणच भरायचा आणि गृहकर्जाला गेलं की बँक सॅलरी स्लिप मागणार. हे सगळं आम्ही ऑफरच्या आधी बसवून समजावतो. एकदा मुलीकडच्यांचाच फोन आला. "मॅडम, जावई म्हणतोय तुमच्यामार्फत नोकरी लागली. कंपनीचं ऑफिस कुठाय? एकदा बघून आलो असतो." म्हटलं, काका, ऑफिस नाही, सगळे आपापल्या घरी असतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मालकपण?" लग्न झालं. मला आमंत्रण होतं, जेवण उत्तम होतं.

लोक जिना चढून येतात आणि पहिलं विचारतात, रजिस्ट्रेशनचे किती? घरबसल्या कामाच्या नावाखाली लॅपटॉपचं डिपॉझिट घेऊन पळणाऱ्यांनी इतक्यांना लुटलंय, की पैसे न मागणारा संशयास्पद वाटतो. दारावर पाटी लावलीय: उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जात नाही. एका आजोबांनी ती वाचून विचारलं, "मग चालतं कसं?"

चालतं, कारण कंपन्या देतात. सगळ्याच देतात असं नाही. एका क्लायंटनं तीन माणसं घेतली आणि बिल आठ महिने लटकवलं. फोन उचलणंच बंद. शेवटी लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार टाकली तेव्हा मुद्दल आलं, व्याज सोडून दिलं. २०२४ पासून एक बरं झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम नंबर मागतात. एवढ्या गोड आवाजात ते पूर्वी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

२०२३ पासून बऱ्याच मोठ्या कंपन्या माणसं परत ऑफिसात बोलवायला लागल्या. आमची कामं त्या वर्षी निम्म्यावर आली. लहान कंपन्यांनी तारलं, कारण त्यांना ऑफिसचं भाडंच परवडत नाही.

आज आम्ही सहा जण आहोत आणि गंमत म्हणजे रोज सकाळी दहाला सगळे राजारामपुरीत येतो. एकमेकांचे फोन कानावर पडतात, त्यातून शिकता येतं, असं माझं म्हणणं. गेल्या आठवड्यात आमच्यातलीच एक, आजऱ्याची, म्हणाली, "ताई, मी घरून काम केलं तर चालेल? रोजचं येणं-जाणं झेपत नाहीये." मी चाचरले. भागीदारीणबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. शेवटी मी तिला तोच प्रसंग पाठवला: काम उद्या द्यायचंय, साहेब विमानात आहेत. तिनं रात्री उत्तर पाठवलं. पाच ओळी, आणि खाली एक सहावी: "दार लावून बसायला खोली आहे, इन्व्हर्टर आहे. सासूबाईंबद्दल तुम्ही विचारणार नाही, मला माहीत आहे."